चांदी भरावी की सिमेंट?
दाताच्या रंगाच्या फिलिंगविषयी प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे काही

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला तीन पिढ्या एका पंगतीत बसल्या आहेत. आजोबा हसले की मागच्या दाढेतील काळपट चांदी दिसते. ती भरून चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांच्या मुलाच्या खालच्या दाढेवर टोपी आहे, कारण दुकानाच्या व्यापात ती दाढ ठणकेपर्यंत कोणी पाहिली नाही आणि शेवटी रूट कॅनाल करावे लागले. नऊ वर्षांच्या नातीच्या दाढेतही फिलिंग आहे. मात्र ते नेमके कोणत्या दाढेत, हे तिने बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बारामती, पुणे, कोणत्याही बाजारपेठेतील व्यापारी घरात हे चित्र थोड्याफार फरकाने आढळेल.

दंतवैद्याकडे गेल्यावर अशा घरांतून हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “चांदी भरायची की सिमेंट?” त्यामागोमाग दुसरा प्रश्न दराचा असतो. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे: दात भरायला यावे कधी? पांढऱ्या फिलिंगचा मोठा लाभ निरोगी दात कमीत कमी कोरून काम भागवण्यात आहे. उशीर केला की रंग तेवढा मिळतो आणि हा लाभ हातचा जातो.

किडीचे जमाखर्च

‘दाताला कीड लागली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसून दातातील ‘किडे’ काढून दाखवणारे लोकही पुष्कळांनी पाहिले असतील. ती केवळ हातचलाखी होय. दातात किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू वाढतात; त्यांपैकी स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा विशेष उपद्रवी आहे. हे जिवाणू साखरेचे आम्ल बनवतात. दातावरील सामू साधारणतः ५.५ च्या खाली उतरला की इनॅमल, म्हणजे दाताचे टणक पांढरे आवरण, विरघळू लागते.

येथे व्यापाऱ्याच्या वहीचेच उदाहरण घेता येईल. प्रत्येक गोड घासानंतर साधारणतः वीस ते तीस मिनिटे इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट नावे पडत राहते. नंतर लाळ आम्ल निवळवते आणि तेच क्षार हळूहळू पुन्हा जमा करते. दिवसातून तीन वेळा जेवण झाले, तर जमा-नावे जुळते. पण दुकानात दर तासाला अर्धा कप गोड चहा येतो, गिऱ्हाइकाबरोबर आणखी अर्धा होतो, मधेच मुखवासातील साखर लावलेली बडीशेप किंवा एखादी गोळी तोंडात पडते. मग जमेला वेळच उरत नाही. जेवणाबरोबर दोन पेढे खाण्यापेक्षा दिवसभरात आठ वेळा घोट घोट घेतलेला गोड चहा दातांना अधिक महाग पडतो.

आरंभी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत फ्लोराइडची टूथपेस्ट, स्वच्छता आणि गोडाच्या वेळा कमी करणे एवढ्याने ऱ्हास थांबू शकतो. एकदा खड्डा पडला मात्र तो आपोआप भरून येत नाही. इनॅमलखालील डेंटिन हा थर मऊ असल्यामुळे वरून बारीक छिद्र दिसत असतानाही आत पोकळी पसरत जाते. ती नसेपर्यंत पोहोचली की साधे फिलिंग बहुधा पुरत नाही. दाढ ठणकू लागेपर्यंत थांबणारा माणूस बहुतेक वेळा याच टप्प्यावर दवाखान्यात पोहोचतो.

चांदीचा काळ

ज्याला बोलीत चांदी म्हणतात, ते चांदी, कथील व तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण आहे. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. चांदी-पाऱ्याच्या अशा लेपाचा उल्लेख इ. स. ६५९ मधील चिनी वैद्यकग्रंथात आढळतो. युरोपात १८२६ मध्ये पॅरिसच्या ओग्युस्त ताव्हो यांनी ते प्रचारात आणले. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी ते अमेरिकेत नेले आणि तेथे मोठाच वाद माजला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या दंतवैद्यांच्या एका संघटनेने आपल्या सभासदांकडून हे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली. पुढे तीच संघटना १८५६ मध्ये विसर्जित झाली आणि चांदी मात्र टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण व खड्डा कोरण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली, आणि पुढची कित्येक दशके जगभर तीच रूढ राहिली.

चांदी स्वस्त होती, चावण्याचा भार सहन करणारी होती, आणि थोडी लाळ लागली तरी कुरकुर न करणारी होती. तिचा एक दोष मात्र मूळचाच होता: ती दाताला चिकटत नाही. ती निसटू नये म्हणून खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा कोरावा लागे. त्यासाठी किडलेल्या भागाबरोबर चांगला दातही काढला जाई. उरलेल्या भिंती बारीक होत आणि वर्षानुवर्षे चावण्याच्या भाराने कधीतरी तडकत. आजोबांची चांदी शाबूत असते आणि तिच्या शेजारची दाताची भिंत तुटते, याचे कारण हेच.

आम्लाने दिलेली युक्ती

दाताला चिकटणारे काहीतरी हवे होते. त्याची वाट रंगकामाच्या धंद्यातून सापडली. धातूच्या पृष्ठभागावर रंगाचा थर पक्का बसावा म्हणून कारखान्यांत तो आधी फॉस्फरिक आम्लाने हाताळला जात असे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे काम करणारे दंतशास्त्रज्ञ मायकेल बुओनोकोर यांनी हीच कल्पना दातावर वापरून पाहिली. इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावले की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात, आणि त्यांत पातळ राळ शिरून घट्ट होते, हे त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. जो आम्लाचा स्पर्श दात पोखरतो, तोच मोजून मापून दिला तर दात जोडण्याच्या कामी येतो.

दुसरा टप्पा वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत पार पडला. तेथे राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए ही कृत्रिम राळ तयार केली आणि तिच्यात क्वार्ट्झची बारीक पूड मिसळली. राळ आणि पूड एकमेकांना धरून राहावीत म्हणून पुडीच्या कणांवर विशेष लेप दिला. त्याचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले. आज ज्याला काँपोझिट म्हणतात, त्याचे मूळ हे. म्हणजेच ज्याला लोक सिमेंट म्हणतात, ते वस्तुतः सिमेंट नसून राळ आणि काचेची पूड यांचे मिश्रण आहे. १९७० च्या दशकात ते प्रकाशाने घट्ट करण्याची सोय झाली आणि दंतवैद्याला आकार देण्यासाठी हवा तेवढा वेळ मिळू लागला.

याचा रुग्णाला मिळणारा लाभ सरळ आहे. साहित्य चिकटत असल्यामुळे केवळ किडलेला भाग काढला तरी पुरते. मडक्यासारखा खड्डा करावा लागत नाही. लहान कीड असेल तर फिलिंगही तांदळाच्या दाण्याएवढे होते. पण कीड मोठी झालेली असेल तर चिकटायला निरोगी दातच थोडा उरतो आणि हा लाभ त्या प्रमाणात घटतो.

खुर्चीवरचा वेळ

काँपोझिट भरण्याचे काम चांदीपेक्षा अधिक वेळ घेते. आधी दाताचा रंग जुळवला जातो, तोही दात ओला असताना, कारण कोरडा पडलेला दात नेहमीपेक्षा पांढरा दिसतो. मग कीड काढतात, साधारणतः ३७ टक्के आम्लाचा निळसर लेप काही सेकंद लावून धुतात, चिकटवणारे द्रव लावतात आणि त्यानंतर साहित्याचे साधारण दोन मिलिमीटरचे थर एकेक करून बसवतात. प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट केला जातो. थर पातळ ठेवण्याची दोन कारणे आहेत. प्रकाश फार खोल पोहोचत नाही. शिवाय घट्ट होताना हे साहित्य किंचित आकसते, आणि एकदम मोठा गोळा भरला तर कडेला फट पडण्याचा संभव असतो. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात.

या साऱ्या कामाचा शत्रू म्हणजे ओलावा. आम्ल लावून तयार केलेल्या जागेवर लाळ आली की पकड कमजोर होते. म्हणून कापसाच्या वळकट्या, लाळ ओढणारी नळी, आणि शक्य तेथे रबर डॅम म्हणजे दाताभोवती बसवायचा पातळ रबरी पडदा वापरतात. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी हा पडदा १८६४ मध्ये शोधून काढला. साधन जुने असले तरी पांढऱ्या फिलिंगसाठी त्याचे मोल मोठे आहे. दंतवैद्य तोंडात रबर बसवू लागले की रुग्णाने कंटाळू नये. ती काळजी फिलिंगच्या टिकाऊपणासाठी घेतलेली असते. “डॉक्टर, जरा लवकर आटपा, दुकानात कोणी नाही,” ही घाई शेवटी स्वतःलाच महाग पडते.

फिलिंगनंतर काही दिवस गार-गरम लागणे स्वाभाविक आहे. मात्र चावताना एकाच ठिकाणी टोचत असेल तर फिलिंग उंच राहिले असण्याची शक्यता असते. ‘होईल सवय’ म्हणून न थांबता परत जावे. ते पाच मिनिटांत घासून देता येते.

खरे सिमेंट कोठे लागते

सिमेंट म्हणावे असे एक दाताच्या रंगाचे साहित्य खरोखरच आहे. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेतील अॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी विकसित केलेले ग्लास आयोनोमर १९७० च्या दशकाच्या आरंभी जगापुढे आले. ते दाताला रासायनिक रीतीने धरते, थोडा ओलावा सहन करते आणि सावकाश फ्लोराइड सोडते. त्याची ताकद व चकाकी काँपोझिटपेक्षा कमी असते. म्हणून लहान मुलांचे दुधाचे दात, वयस्कांच्या हिरड्या मागे सरल्यावर मुळाशी पडणारे खड्डे, किंवा जेथे जागा कोरडी ठेवणे कठीण आहे अशी ठिकाणे, तेथे ते उपयोगी पडते. बिलावर केवळ ‘पांढरे फिलिंग’ लिहिले असेल तर या दोहोंपैकी कोणते वापरले, हे विचारावे. दोघांचे आयुष्य व मोल वेगळे असते.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज फार नुकसान करतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कळतही नाही. आणि तिला कीड लागली तर ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे समजून सोडून दिले जाते. ती दाढ कायमची असते. तिच्या खोल खाचा किडण्यापूर्वीच राळेच्या पातळ थराने बंद करता येतात. हे काम फिलिंगपेक्षा सोपे असून सहसा त्यासाठी भूल लागत नाही.

जुनी चांदी काढावी काय?

पाऱ्याचे नाव ऐकून अनेकांना तोंडातील सगळी चांदी तातडीने बदलावीशी वाटते. येथे घाई नको. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्याच्या संयुगाने माणसे, मासे व पशुपक्षी यांचा घात केला. १९५६ मध्ये तो आजार उजेडात आला. ते संयुग मिथाइल पारा होते. दाढेतील घट्ट झालेल्या मिश्रणातील पारा तशा रूपात नसतो. त्यातून निघणारी वाफ अत्यल्प असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती व स्तनदा माता, सहा वर्षांखालील मुले, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण अशांना शक्यतो नवी चांदी भरू नये असे सुचवले. त्याच वेळी, सुस्थितीत असलेली जुनी चांदी विनाकारण काढू नये, असेही सांगितले. काढताना पाऱ्याची वाफ अधिक निघते आणि निरोगी दातही थोडा झिजतो. आजोबांची चांदी घट्ट असेल, कडेला फट किंवा नवी कीड नसेल, तर तिला तशीच राहू द्यावी.

नवी चांदी भरण्याचे दिवस मात्र संपत आले आहेत, आणि त्यामागचे मोठे कारण पर्यावरण हे आहे. मिनामाताचेच नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. २०२२ मध्ये पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी तिचा वापर टाळण्याचे ठरले. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद वगळता ती बंद झाली, आणि करारातील देशांनी २०३४ पर्यंत तिचा वापर थांबवण्याचे ठरवले आहे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून जाणारा पारा जलचरांपर्यंत पोहोचतो, हे ध्यानी घेतले तर जीवदयेचा संस्कार असलेल्या घरांना या निर्णयाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

व्रतांचे वेळापत्रक आणि दवाखाना

बहुतेक व्यापारी दुकान वाढवल्यावर, रात्री आठच्या सुमारास दवाखान्यात जातात. ज्यांना चौविहार आहे त्यांच्यासाठी जेवण त्यापूर्वीच झालेले असते; परंतु दुपारी उशिराची वेळ घेतली तर अडचण होते. खालच्या जबड्याला दिलेली भूल दोन ते चार तास टिकते आणि तोवर चावून खाल्ल्यास ओठ किंवा गाल चावला जातो. म्हणून अशांनी सकाळची वेळ घ्यावी. काँपोझिट प्रकाशाने तेथल्या तेथे घट्ट होत असल्यामुळे भूल उतरली की जेवता येते; एकासनाच्या दिवशीही वेळ जुळवणे शक्य होते. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात दाढ ठणकू लागली तर तपस्व्याची मोठी कुचंबणा होते. त्यापूर्वी महिनाभर आधी तपासणी करून घेणे इष्ट.

रात्री न खाण्याचा नियम दातांच्या दृष्टीनेही हितकर आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि त्या वेळी तोंडात अन्न उरले तर आम्लाला मोकळे रान मिळते. पण हा लाभ पूर्ण पदरात पडायचा तर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर लगेच, पाणी चालते तोवर, दात स्वच्छ घासायला हवेत.

प्राणिज घटकांविषयीची शंकाही काही कुटुंबे विचारतात. काँपोझिटचे मुख्य घटक कृत्रिम राळ आणि काच किंवा क्वार्ट्झची पूड हेच असतात. दात काढल्यावर रक्त थांबवण्यासाठी वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंज, किंवा हाड भरून येण्यासाठी वापरली जाणारी काही पूड मात्र प्राणिज असते. अशा उपचारापूर्वी स्पष्ट विचारावे. अप्राणिज पर्यायही उपलब्ध असतात. दात वेळेवर भरला तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

शेवटी हिशोब

चांगले भरलेले काँपोझिट सर्वसाधारणपणे सात ते दहा वर्षे, आणि काळजी घेतल्यास त्याहूनही अधिक टिकते. ते कायमचे नसते. त्याच्या कडेने नवी कीड शिरणे आणि ते तुटणे, ही बिघडण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिल्याचा उपाय रुग्णाच्या हाती आहे: दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, चहाच्या वेळा कमी, शक्य तर बिनसाखरेचा चहा, आणि सहा महिन्यांनी तपासणी. चहा व हळदीचे डाग पांढऱ्या फिलिंगवर चढतात. हळदीच्या पेठेतल्या माणसाला त्या रंगाचा चिवटपणा ठाऊक असतोच. वरवरचे डाग पुन्हा घासून-चमकवून निघतात, त्यासाठी फिलिंग बदलावे लागत नाही. दोन दातांच्या मध्ये कीड असेल तर ती आरशात दिसत नाही. दंतवैद्याने एक्स-रे सुचवला तर तो अनावश्यक खर्च समजू नये.

बिल घेताना त्यावर दाताचा क्रमांक, साहित्याचे नाव आणि तारीख लिहून घ्यावी, आणि प्रत्येक व्यक्तीची अशी नोंद घरात एका वहीत ठेवावी. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे ती उपयोगी पडते. आरोग्य विम्यात असे बाह्यरुग्ण दंतोपचार सामान्यतः समाविष्ट नसतात, म्हणून हा खर्च खिशातूनच होतो, हे गृहीत धरावे. लहान कीड म्हणजे एक भेट आणि एक फिलिंग. तीच वर्षभर पुढे ढकलली तर रूट कॅनाल, वर टोपी आणि अनेक भेटी. आणखी ढकलली तर दाढ काढणे, आणि त्या रिकाम्या जागेचा खर्च वेगळा. उधारी थकली की तगादा लावायला माणूस पाठवणारे घर स्वतःच्या दाढेची थकबाकी मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढत राहते.

नातीच्या दाढेतील न दिसणारे फिलिंग शाळेच्या तपासणीत सापडलेल्या एका बारीक काळ्या ठिपक्यामुळे वेळेवर झाले. तिच्या वडिलांच्या दाढेवरही कधीकाळी तेवढाच ठिपका होता.